छप्पर आधी ठरवा, भिंती मागाहून

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे:

"साडेचारशे चौरस मीटरचा प्लॉट आहे, थोडा उताराचा. बिगरशेतीची सनद झाली आहे. आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई अशी चार माणसं, त्यामुळे एकच मजला, साधारण ११० चौरस मीटर. इंजिनिअरनी दिलेल्या आराखड्यात आरसीसी सांगाडा, एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे), उतरता स्लॅब आणि त्यावर सिमेंटात बसवलेली कौलं आहेत. पश्चिमेला शेताकडे बघणारी मोठी काच आहे. त्यासाठी प्लॉट सपाट करायचा आहे आणि पश्चिमेचे दोन फणस व एक आंबा काढायचा आहे. माझे दीर म्हणतात, पर्यावरणपूरक घर म्हणजे मातीचं आणि बांबूचं. जांभ्याचे चिरे वापरले तर डोंगर पोखरल्याचं पाप लागेल का? खालच्या कोपऱ्यात विहीर आहे, ती एप्रिलच्या मध्यावर आटते. एसी लावायचा नाही. सुरुवात कुठून करू?"

ताई, नमस्कार.

छप्परापासून करा. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, वाऱ्यासकट, नैऋत्येकडून. घर थंड राहणार की नाही, भिंती टिकणार की नाही, पाणी पुरणार की नाही, हे सगळं तुमचं छप्पर किती बाहेर आलं आहे आणि ते कशाचं आहे यावर ठरतं. भिंत मातीची की चिऱ्याची, हा प्रश्न त्यानंतरचा. तुमच्या घरात आणि दिरांच्या डोक्यात तो पहिला आला आहे, म्हणून सगळं उलटं वाटतंय.

आधी आराखड्यातला तो उतरता स्लॅब. घर ११ बाय १० मीटरचं धरलं आणि पागोळ्या चहूबाजूंनी मीटरभर बाहेर काढल्या तर छप्पर वरून बघताना १३ बाय १२, म्हणजे १५६ चौरस मीटर होतं. ३० अंशांच्या उतारावर प्रत्यक्ष पृष्ठभाग १८० चौरस मीटर. १२ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब टाकला तर साडेएकवीस घनमीटर काँक्रीट, म्हणजे १३५ ते १४० गोणी सिमेंट, वर सळ्या. घराच्या सगळ्या चिऱ्यांच्या भिंती बांधायला लागतं त्याच्या चौपटीहून जास्त सिमेंट एकट्या छप्परात जातं. एवढं करून मिळतं काय? एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा वाजता खोलीत उष्णता सोडत बसतो. कौलं सिमेंटात बसवली असल्यामुळे खालून हवा खेळत नाही. उन्हापावसाने सिमेंटचा माल आणि कौल यांच्यामध्ये बारीक भेगा पडतात, पाणी आत शिरतं, शेवाळ धरतं, आणि चार पावसाळ्यांनी गळती सुरू झाली की ती नेमकी कुठून होते हे गवंड्याला सापडत नाही. पाणी शिरतं एकीकडे आणि ठिपकतं तीन मीटर खाली.

त्यापेक्षा सरळ वासे, रीप (कौलं टेकवायच्या आडव्या पट्ट्या) आणि मंगलोरी कौलं. चौरस मीटरला साधारण १५ कौलं धरा. तुटफूट, कोने (माथ्यावरची कौलं) आणि उद्याचा साठा मिळून २,९०० मागवा. रिपांतलं अंतर पुस्तकातून घेऊ नका. आलेली कौलं जमिनीवर दहाच्या ओळीत लावा, एकदा पूर्ण ताणून आणि एकदा पूर्ण दाबून मोजा, दोन्हींवरून एका कौलामागचं सरासरी अंतर काढा आणि तेच सुताराला द्या. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं मिसळली की खाचा जुळत नाहीत, मग ती जागा दर पावसात गळते. म्हणून सगळी एकाच छापाची घ्या. मोडलेल्या जुन्या घरांची कौलं आणि फणस, सागवान, माट्टीचे वासे गोव्यात सहज मिळतात. जुनं लाकूड आधीच वाळलेलं असतं, पिळत नाही. फक्त टोकं आणि खिळ्यांची भोकं नीट तपासा, वाळवी आणि भुंगा तिथेच लपतो. लाकूड परवडत नसेल तर गॅल्वनाइज्ड पाइप चालतील, पण पाइपांची तोंडं बंद करायला सांगा आणि वेल्डिंगच्या जागी झिंकचा रंग द्यायला सांगा. गंज आतूनच सुरू होतो.

उघड्या कौलांखाली दुपारी डोकं तापतं हे खरं. त्याला इलाज म्हणजे खालून सपाट सीलिंग कौलांचा दुसरा थर किंवा लाकडी फळ्यांचं सीलिंग, मधल्या जागेत हवा, आणि दोन्ही त्रिकोणी भिंतींत वरच्या टोकाला जाळी. त्या जाळीला आतून बारीक गॅल्वनाइज्ड जाळी लावलीत तर उदमांजराचं बिऱ्हाड टळेल. एकदा ते माळ्यावर राहायला आलं की घालवणं कठीण, आणि वासही जात नाही. माकडांचा त्रास असेल तर कडेच्या दोन ओळी तांब्याच्या तारेने रिपांना बांधा. उजेडासाठी काचेची कौलं स्वयंपाकघरात चार पुरेत. हौसेने बारा लावली की तिथे उभं राहवत नाही.

कौलांना दर वर्षी मेच्या शेवटी माणूस वर चढवावा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. ते नको असेल आणि स्लॅबच हवा असेल तर निदान स्लॅबवर उभ्या-आडव्या पट्ट्या मारून, पाच सेंटिमीटर मोकळी हवा ठेवून कौलं टाका. सिमेंटात मुळीच बसवू नका. न्हाणीघर आणि स्वयंपाकघरावर पंधरा-वीस चौरस मीटरचा सपाट स्लॅब मात्र ठेवा. पाण्याची टाकी आणि सौर पॅनेल तिथे जातील. कौलांवर पॅनेल बसवताना हूक वाशापर्यंत न्यावे लागतात आणि बसवणारी मुलं कौलं फोडतात.

पागोळ्या मीटरभर बाहेर का, तर एकतर भिंत भिजत नाही, आणि दुसरं उन्हाचं गणित. आपण सुमारे साडेपंधरा अक्षांशावर आहोत. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला ५१ अंशांवर असतो; १.२ मीटर उंच खिडकीवर तेव्हा सावली पडायला जवळजवळ एक मीटरचा चज्जा लागतो. ठेकेदार ४५ सेंटिमीटरचा टाकतो, कारण तेवढाच टाकायची सवय असते. मंजुरीला कागद देण्याआधी पंचायतीत आणि नगर नियोजन खात्यात विचारा की मोकळ्या सोडायच्या जागेत छप्पर किती बाहेर येऊ शकतं. त्याप्रमाणे भिंती आत घ्याव्या लागल्या तर घ्या. शंभर चौरस मीटरच्या घरात चार माणसं सुखाने राहतात, आणि न बांधलेले दहा चौरस मीटर हे सगळ्यांत पर्यावरणपूरक बांधकाम.

पश्चिमेला चज्जा कामाचा नाही, ऊन आडवं येतं. तिथली मोठी काच काढा. शेत बघायचं असेल तर पश्चिम आणि नैऋत्य बाजूला अडीच मीटर रुंद पडवी घ्या, शेतही दिसेल आणि पाऊसही अडेल. आणि फणस-आंबा तोडायला निघालात ते कशासाठी? पश्चिमेची सावली तयार मिळाली आहे, ती रोप लावून मिळवायला पंधरा वर्षं लागतात. शिवाय झाडं तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. घर खोडापासून निदान पाच मीटर सरकवा आणि छप्पर फणसाच्या घेराबाहेर ठेवा. बारा किलोचा फणस कौलांवर आला तर कौलांचा दोष नाही.

आता भिंती. चिऱ्याबद्दल तुमच्या मनात अपराधी भाव आहे, तो थोडा बरोबर आहे आणि थोडा नाही. चिरा भाजावा लागत नाही, जवळच्या खाणीतून येतो, उद्या घर मोडलं तर तोच चिरा परत वापरता येतो. नुकसान होतं ते बेकायदा खाणींमुळे, ज्या डोंगरात खड्डे तसेच सोडून जातात आणि पावसाळ्यात त्यांत पाणी साठून माणसं-गुरं बुडतात. परवान्याची पावती मागा, पावती नसेल तर गाडी परत पाठवा. एएसी ब्लॉक हलका आहे, उष्णताही अडवतो, पण तो परराज्यातून येतो, वजन पेलत नाही म्हणून त्याला आरसीसी सांगाडा लागतोच, आणि आडव्या पावसात सांध्यांतून ओल घेतो. मातीच्या स्थिर केलेल्या विटेत पाच ते आठ टक्के सिमेंट घालावंच लागतं, त्या २१ ते २८ दिवस ओल्या ठेवाव्या लागतात, आणि पावसाच्या बाजूची भिंत तरीही झाकावी लागते. जुनी मातीची घरं टिकली ती रुंद पडव्या आणि पावसाळ्यात बांधलेल्या झावळ्यांच्या आडोशांमुळे. दिरांना सांगा, आतल्या दोन भिंती मातीच्या घ्यायला आमची ना नाही. बांबू पडवीच्या आत, बोरॅक्स-बोरिक अॅसिडची प्रक्रिया केलेला आणि जमिनीपासून वर उचललेला असेल तर चांगला; उघड्या पावसात त्याला दोन वर्षांत बुरशी येते.

एक गैरसमज मात्र काढून टाका. चिऱ्याचं घर आपोआप थंड असतं असं नाही. जाड भिंत सावलीत असेल तरच थंड. पश्चिमेचं ऊन थेट घेणारी चिऱ्याची भिंत संध्याकाळनंतर चुलीसारखी तापलेली असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्रीची हवाही तिला निववण्याइतकी गार होत नाही.

एकमजली घराला आरसीसी सांगाडा आणि त्यात चिरे भरणं म्हणजे एकाच कामाचे पैसे दोनदा देणं. भिंतींवर वजन घेणारं बांधकाम करा: २३ सेंटिमीटरच्या भिंती आणि जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर (लिंटल) व वाशांखाली असे सलग तीन आरसीसी पट्टे, कोपऱ्यांतून न तोडता फिरवलेले. भूकंपात आणि पाया थोडा बसला तर घर हेच पट्टे एकत्र धरून ठेवतात. हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. "चिऱ्यावर वजन घेत नाही" असं तो म्हणाला तर कारण विचारा. सांगाड्याची सवय हे कारण नव्हे.

चिरा साधारण ३८ बाय २३ बाय १८ सेंटिमीटरचा येतो, गाडीवरच दहा मोजून बघा, कारण अलीकडे तो बारीक होत चालला आहे. या मापाने चौरस मीटर भिंतीला १३ ते १४ लागतात. तुमच्या घराच्या भिंती दारं-खिडक्या वजा जाता पावणेदोनशे चौरस मीटरच्या आसपास येतील, म्हणजे तुटीसकट २,५०० चिरे, पाया वेगळा. भारतीय मानक ३६२० प्रमाणे चिऱ्याने पाणी १२ टक्क्यांहून जास्त पिता कामा नये. हे घरी तपासता येतं. आठवडाभर उन्हात सुकवलेला चिरा वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून परत वजन करा. ३० किलोचा चिरा साडेतेहतीस किलोच्या वर गेला तर ती खेप नको. पांढऱ्या शेडी मातीचे पट्टे असलेले, किंवा हातोडीने टकटक केल्यावर बसका आवाज देणारे चिरे बाजूला काढा. ताजा चिरा मऊ असतो आणि हवेवर कठीण होतो, म्हणून पाऊस संपताच मागवून दोन-तीन महिने रचून ठेवा.

सांध्यांना एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. नुसत्या सिमेंटचा कडक माल चिऱ्याला चालत नाही: ओल सांध्यातून बाहेर पडायच्या ऐवजी चिऱ्यातून पडते आणि त्याचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. बाहेरून प्लास्टर करू नका, सांधे नीट भरून घ्या. सगळ्या भिंतींना दोन्ही अंगांनी प्लास्टर केलं तर भिंती बांधायला लागला त्याहून जास्त माल प्लास्टरलाच लागतो. आतून चुन्याचं पातळ प्लास्टर आणि चुन्याचीच सफेदी करा. चमकणारं पारदर्शक सीलर कोणी सुचवेल. भिंतीने दोन उन्हाळे पूर्ण बघितल्याशिवाय ते लावू नका, आत अडकलेली ओल पांढऱ्या क्षाराच्या रूपाने फुटते.

सिमेंट घ्याल ते पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅगचं घ्या, त्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेला मूळ घटक, कमी असतो. त्याची मजबुती सावकाश येते, म्हणून पाणी किमान दहा दिवस, शक्यतो चौदा. तुमची विहीर एप्रिलमध्ये आटते, तेव्हा काँक्रीटची कामं मार्चच्या आत संपवा आणि गोणपाट ओली ठेवून पाणी वाचवा. नदीची वाळू कायदेशीर मिळणं दुरापास्त आणि खाडीच्या भागातल्या वाळूत मीठ. खडीच्या गिरणीची नुसती चुरी घेऊ नका, धुतलेली एम-सँड (दगड फोडून यंत्राने केलेली वाळू) घ्या. बाटलीत तृतीयांश वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा. तीन तासांनी वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर नको. किनाऱ्यालगत बांधणाऱ्या वाचकांसाठी जाता जाता: खाऱ्या हवेत काँक्रीट एम-३० प्रतीच्या खाली नको आणि बीम-कॉलमांत सळीवर ४५ मिलिमीटर आवरण हवंच. तिथली घरं सळ्या गंजूनच मरतात.

प्लॉट सपाट करू नका. टेकडी कापायला आणि सखल जमीन भरायला नगर नियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी कापलेल्या बाजूने पावसात झरे फुटतात व जोत्यात शिरतात. जोतं दोन पायऱ्यांचं घ्या, पडवी खाली, घर वर. जमिनीखाली चिरा नको, काळा दगड वापरा. जोतं जमिनीपासून निदान ६० सेंटिमीटर वर आणि त्यावर ओल अडवणारा ४ ते ५ सेंटिमीटरचा काँक्रीटचा थर, सलग. दाराच्या जागी गवंडी तो तोडतात, आणि चौकटीचा खालचा भाग सगळ्यांत आधी कुजतो तो त्यामुळेच.

एसीशिवाय राहायचं तर प्रत्येक खोलीला समोरासमोर किंवा निदान दोन बाजूंना खिडक्या हव्यात, आणि त्या पावसात उघड्या ठेवता आल्या पाहिजेत. आपल्याकडे घराला बुरशी येते ती जून ते सप्टेंबर सगळं बंद ठेवल्यामुळे. वर लाकडी पट्ट्यांची झडप आणि खाली उघडणारी झडप अशी दोन तुकड्यांची खिडकी करून घ्या. सरकत्या काचेची निम्मी खिडकी कायम बंदच राहते. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, ७५ वॅटच्या जागी तीसेक वॅटमध्ये तोच वारा.

विहिरीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेक जण पैसे वाया घालवतात. तुमच्या छप्परावर वर्षाला पडणाऱ्या पाण्यातलं ८० टक्के हाती लागलं तरी पावणेचार लाख लिटर होतात. ते ऐकून लोक सगळे पाइप विहिरीत सोडतात. पण जांभा चाळणीसारखा आहे. ऑगस्टात विहीर काठोकाठ असते, तेव्हा आत सोडलेलं पाणी उताराने झऱ्यांना जाऊन मिळतं. एप्रिलपर्यंत त्यातलं काही उरत नाही. तुम्हाला दोन गोष्टी हव्यात. एक, प्यायच्या-स्वयंपाकाच्या पाण्याची टाकी. चार माणसांना दिवसाला ८० लिटर धरले तर दहा हजार लिटर १२५ दिवस पुरतात, म्हणजे फेब्रुवारी ते मिरग. अडीच मीटर व्यासाची, पाणी दोन मीटर पाच सेंटिमीटर उभं राहील अशी फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेली) गोल टाकी एवढी होते. अर्ध्या छप्परालाच ती जोडा. १६० मिलिमीटर पावसात भरते, जुलैत त्याला आठवडासुद्धा लागत नाही. ऑगस्टअखेर धुऊन काढा आणि सप्टेंबरच्या पावसात परत भरा, तेव्हा छप्पर सगळ्यांत स्वच्छ असतं. दुसरी गोष्ट, उरलेल्या छप्पराचं पाणी प्लॉटच्या वरच्या अंगाला आडव्या चरात, मीटरभर खोल, दगडगोट्यांनी भरलेल्या. ते सावकाश मुरत खाली येतं. ऑक्टोबरच्या उत्तरार्धातले आणि अवकाळी पाऊस मात्र गाळणीतून थेट विहिरीत घ्या.

पहिलं पाणी सोडून द्यायची सोय बहुतेक ठिकाणी नावापुरती असते: मीटरभर पाइपचा तुकडा आणि खाली झाकण. ७८ चौरस मीटर छप्पराचं पहिल्या दोन मिलिमीटरचं पाणी १५० लिटरच्या वर होतं आणि १६० मिलिमीटरच्या पाइपात मीटरला जेमतेम १९ लिटर मावतात. दोनशे लिटरचं पिंप लावा, तळाशी नळ, प्रत्येक मोठ्या उघडिपीनंतर रिकामं करा. तासाला १०० मिलिमीटर पावसात १०० मिलिमीटरचा एक उभा पाइप सुमारे ४३ चौरस मीटर छप्पराचं पाणी घेतो, म्हणजे तुम्हाला चार हवेत. ठेकेदार दोन काढेल आणि पन्हळ ओसंडून भिंतीवर येईल.

शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. तुमची विहीरच खालच्या कोपऱ्यात आहे, ही खरी अडचण. खड्डा समोरच्या खालच्या कोपऱ्यात घ्या आणि अंतर टेपने मोजा. जांभ्याच्या पोकळ्यांतून मैला मातीतल्यापेक्षा फार वेगाने जातो. १८ मीटर मिळत नसतील तर घराचीच जागा बदला, ते आराखड्यावर फुकट होतं. न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी वेगळ्या पाइपाने केळी आणि अळूला द्या.

सौर विजेला पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. उन्हाच्या दिवशी किलोवॅटमागे चार युनिट धरा, जुलैत बरीच कमी. ते घर झाल्यावर वर्षभराने बसवलं तरी चालतं, वायरीची नळी तेवढी आताच टाकून ठेवा.

वेळापत्रक मागून पुढे मांडा: छप्पर १५ मेपर्यंत पूर्ण, भिंती मार्चअखेर, पाया नोव्हेंबरमध्ये, चिरे ऑक्टोबरमध्ये. म्हणजे इंजिनिअरशी बोलणं आत्ता. पैसे कमी पडले तर आतलं प्लास्टर, कपाटं, सौर पॅनेल, फरशीसुद्धा पुढच्या वर्षावर टाका. पागोळ्या, पन्हळी आणि टाकीला हात लावू देऊ नका.